कर्करोग्याचें अन्न : एका उपेक्षित औषधाचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषण)

वैद्यकाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा शस्त्रांचा, औषधांचा आणि यंत्रांचा इतिहास लिहितात. कोणत्या शस्त्रवैद्यानें कोणती गांठ प्रथम कापून काढली, रेडियमचा शोध कोणीं लाविला, अमुक रसायन कोणत्या सालीं हातीं आलें, या गोष्टी पुस्तकांत सविस्तर सांपडतात. रोग्याच्या ताटांत त्या वेळीं काय पडत होतें आणि त्यांतलें त्याच्या पोटांत किती जात होतें, हें मात्र फारसें कोणी लिहून ठेवीत नाहीं. कर्करोगाच्या बाबतींत ही उणीव विशेष खटकते. कारण या रोगांत रोग्यास दोन शत्रूंशीं एकाच वेळीं झुंजावें लागतें. एक शरीरांत वाढणारी गांठ, आणि दुसरी दिवसेंदिवस अंगावरचें मांस उतरविणारी उपासमार. पहिल्या शत्रूची सर्वांना भीति वाटते. दुसरा मात्र घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत आंत येतो आणि पुष्कळदां त्यांच्याच हातांनीं त्याला दार उघडलें जातें.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांचा नव्हे. सुरत-धुळें हमरस्त्यावरील विसरवाडी हें नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांतलें गांव घ्या. भोंवतालच्या पाड्यांतून मावची, गावित, भिल्ल, कोकणी अशा आदिवासी कुटुंबांची वस्ती आहे. भात, ज्वारी, नागली, तूर हीं येथलीं पिकें. पावसाळा सरला कीं अनेक कुटुंबें मजुरीसाठीं गुजरातेकडे ऊस तोडावयास जातात. या मुलुखांत एखाद्या कर्त्या पुरुषाच्या गालाच्या आंतील बाजूस चट्टा पडला, तोंड उघडेनासें झालें आणि तपासाअंतीं तो कर्करोग ठरला, म्हणजे त्याला जावें लागतें तें बहुधा सुमारें चारशें किलोमीटर दूर असलेल्या मुंबईस. तो तेथें पोंचतो तेव्हां त्याच्या अंगावर मुळांतच मांस थोडें असतें. तोंड दुखत असल्यामुळें मागील दोनतीन महिने तो अर्धपोटीं राहिलेला असतो. अशा माणसाला पुढील उपचार सोसतील कीं नाहीं, हें त्याच्या गांठीइतकेंच त्याच्या वजनावर अवलंबून असतें. हें ज्ञान वैद्यकाला कसें झालें, तें किती उशिरां झालें आणि त्याचा उपयोग विसरवाडीसारख्या गांवीं कसा व्हावा, हाच प्रस्तुत विषय आहे.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथांत या रोगाची ओळख नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि व अर्बुद यांचें वर्णन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या दुसऱ्याच अध्यायांत अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे निरनिराळीं द्रव्यें घालून शिजविलेल्या पेजा, सांगितल्या आहेत. आजाऱ्याचें अन्न हाहि चिकित्सेचाच भाग आहे, हा विचार त्यामागें स्पष्ट दिसतो. दुर्बळ अग्नीस पेलेल असें पातळ अन्न प्रथम, मग घट्ट, मग नेहमींचें, असा क्रम त्या शास्त्रानें घालून दिला. तथापि कालांतरानें लोकांच्या मनांत पथ्याचा हा अर्थ पालटला. काय द्यावें याचें शास्त्र मागें पडून काय देऊं नये याची यादीच तेवढी उरली. दूध नको, अंडें नको, डाळ जड पडेल, तेल-तूप वर्ज्य, आंबट वर्ज्य, अशा नकारांनीं घरोघरच्या आजाऱ्यांचीं ताटें रिकामीं होऊं लागलीं. ग्रीक वैद्यांनींहि रोगानें खंगलेल्या शरीराच्या स्थितीस एक नांव दिलें होतें. त्याचा अर्थ ‘देहाची वाईट दशा’ असा आहे आणि तेंच नांव थोड्या फरकानें आजच्या वैद्यकांत चालत आलें आहे. परंतु ही दशा म्हणजे रोगाची अटळ सावली, तिला उपाय नाहीं, अशीच समजूत पूर्वेकडे व पश्चिमेकडे दीर्घकाळ टिकून राहिली.

या समजुतीस पहिला धक्का मोजणीनें दिला. इ. स. १९३२ मध्यें शील्ड्स वॉरेन या अमेरिकन रोगनिदानशास्त्रज्ञानें कर्करोगानें मरण पावलेल्या ५०० रोग्यांच्या शवपरीक्षांचा आढावा प्रसिद्ध केला. मृत्यूचें निकटचें कारण काय, हा त्याचा प्रश्न होता. सुमारें शेंकडा २२ रोग्यांच्या बाबतींत त्याला जें कारण सांपडलें तें रक्तस्राव नव्हे, जंतुदोष नव्हे, तर निव्वळ खंगणें होतें. पुढें चारच वर्षांनीं, १९३६ सालीं, क्लीव्हलंड येथील हायरम स्टडली या शस्त्रवैद्यानें पोटांतील जुन्या व्रणावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचीं वजनें तपासलीं. शस्त्रक्रियेपूर्वीं ज्यांचें वजन शेंकडा २० हून अधिक घटलें होतें त्यांच्यांत दर तिघांतील एक दगावला होता. ज्यांचें तितकें घटलें नव्हतें त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा साडेतीन इतकेंच होतें. शस्त्रवैद्य तेच, सुरी तीच, खोली तीच. अंतर होतें तें रोग्यानें आधींच्या महिन्यांत काय खाल्लें होतें याचें. स्टडलीचे रोगी कर्करोगी नव्हते हें खरें, तथापि त्याचा धडा सर्व मोठ्या शस्त्रक्रियांस लागू पडला. तराजू हेंहि वैद्याचें एक हत्यार आहे, ही गोष्ट तेव्हांपासून शास्त्राच्या पुस्तकांत आली.

ह्याच सुमारास मुंबईंत एका रुग्णालयाची कल्पना आकार घेत होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ सालच्या जून महिन्यांत रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं सर दोराबजीहि निवर्तले. त्यांच्या नांवाच्या विश्वस्तनिधींतून परळ येथें केवळ कर्करोगासाठीं एक रुग्णालय उभारण्यांत आलें आणि ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्तें तें उघडलें. आरंभीं त्यांत ८० खाटा होत्या. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलें, १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे आलें, आणि १९६६ सालीं कर्करोग संशोधन केंद्राशीं जोडलें जाऊन टाटा मेमोरियल सेंटर या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. खानदेश, विदर्भ, मराठवाडा, कोंकण या सर्व भागांतील मराठी माणसाच्या तोंडीं त्याचें एकच नांव आहे, ‘टाटा’. ‘त्याला टाट्याला नेलें आहे’ एवढें म्हटलें कीं रोग कोणता हें निराळें सांगावें लागत नाहीं.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं आपल्या देशांतील कर्करोगाचा चालीरीतींशीं असलेला संबंध शोधून काढला. १९४५ सालीं सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यांनीं लोकांच्या संवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले. तंबाखू व चुना ओठांत धरणाऱ्यांचा ओठाचा कर्करोग, पेटतें टोंक तोंडांत धरून तंबाखू ओढणाऱ्यांचा टाळूचा कर्करोग, आणि घट्ट धोतर कांचून कमरेस होणारा कर्करोग, असे ते प्रकार होत. १९५२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. त्यांच्या संशोधनाचा जो भाग आपल्या विषयाशीं निगडित आहे तो असा कीं, आपल्या देशांत तंबाखूमुळें तोंड व घसा यांचा कर्करोग फार. आणि तोंड व घसा हींच तर अन्नाचीं द्वारें! इतर अवयवांचा रोग भूक मारतो; हा रोग भूक असतांनाहि घांस अडवितो. म्हणूनच पोषणाचा प्रश्न आपल्याकडे अधिक बिकट होऊन बसला.

परळच्या त्याच भागांत, टाटा रुग्णालयापासून हांकेच्या अंतरावर, हाफकिन संस्था आहे. तेथें घडलेली एक हकीकत अन्न आणि कर्करोग यांचें नातें फार विलक्षण रीतीनें दाखविते. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक प्रकारचा तीव्र पांडुरोग होऊन त्यांतील पुष्कळजणी दगावत; त्याचें कारण शोधण्याचें काम तिच्याकडे होतें. या बायकांचें जेवण तिनें बारकाईनें पाहिलें. तशाच निकृष्ट अन्नावर ठेविलेल्या माकडांनाहि तोच विकार होतो आणि यीस्टचा अर्क, ज्याला बाजारांत मार्माइट म्हणतात, तो दिला असतां बरा होतो, असें तिला आढळलें. १९३१ सालीं तिनें हें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. हिरव्या पालेभाज्यांत तें भरपूर असतें. पुढें अमेरिकेंत आंध्र प्रांतांतील भीमावरम् येथले यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं लेडर्ली प्रयोगशाळेंत हें आम्ल कृत्रिम रीतीनें बनविण्यांत आलें. बोस्टनच्या सिडने फार्बर यांनीं या जातीचीं द्रव्यें रक्ताच्या कर्करोगानें पीडित मुलांस देऊन पाहिलीं, तेव्हां रोग उलट भडकतो असें त्यांना वाटलें. मग त्यांनीं उलटा विचार केला. या द्रव्याचा विरोधी पदार्थ दिला तर रोग दबेल काय? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनें तसा पदार्थ पुरविला. १९४८ सालीं फार्बर यांनीं १६ मुलांचा वृत्तांत छापला. त्यांतील दहा मुलांस कांहीं काळ आराम पडला होता. कर्करोगावरील आधुनिक औषधोपचाराचा पाया येथें घातला गेला.

म्हणजे परळमधील गिरणीवाल्या बायकांच्या रिकाम्या ताटापासून निघालेला शोधाचा धागा समुद्र ओलांडून गेला आणि औषध होऊन परत परळला आला. त्याच कुळांतील मेथोट्रेक्सेट हें स्वस्त औषध आजहि दिलें जातें. तोंडाच्या वाढलेल्या कर्करोगांत तें दुसऱ्या एका गोळीसह घरच्या घरीं घेण्याची पद्धति टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं अभ्यासून २०२० सालीं प्रसिद्ध केली. या हकीकतींतून एक व्यावहारिक बोधहि मिळतो. अन्नांतील पालेभाजी ही अन्न म्हणून निर्धास्त खावी; परंतु जीवनसत्त्वांच्या गोळ्या वा जंगलांतील मुळ्यांचे काढे डॉक्टरांस न विचारतां घेऊं नयेत. वैदूचा मान राखावा, पण त्यानें काय दिलें हें डॉक्टरांस न लपवितां सांगावें. कारण एखादें द्रव्य औषधाच्या नेमकें उलट काम करणारें असूं शकतें.

तोंडावाटे अन्न जात नसेल तर तें पोटांत कसें पोंचवावें, या प्रश्नाचीं उत्तरें विसाव्या शतकांत क्रमाक्रमानें सांपडलीं. १९२१ सालीं लंडनच्या जॉन अल्फ्रेड राइल यांनीं बारीक रबरी नळी प्रचारांत आणली. नाकांतून जठरापर्यंत जाणाऱ्या नळीला आपल्याकडील परिचारिका आजहि ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. १९८० सालीं पोट न फाडतां दुर्बिणीच्या साह्यानें थेट जठरांत नळी बसविण्याची युक्ति प्रसिद्ध झाली. याहून धाडसाची गोष्ट १९६८ सालीं फिलाडेल्फिया येथें स्टॅन्ले डड्रिक व त्यांचे सहकारी यांनीं जगापुढें मांडली. त्यांनीं कुत्र्याच्या पिल्लांना व मागाहून माणसांना केवळ शिरेवाटे सर्व अन्नद्रव्यें देऊन वाढविलें व जगविलें. तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं कर्करोग्याच्या उपासमारीचा प्रश्न कायमचा सुटला. जो तो रोग्यांच्या शिरांत अन्न सोडूं लागला. परंतु मोजणी केल्यावर चित्र निराळें दिसलें. रसायनोपचार घेणाऱ्या सरसकट सर्व रोग्यांस असें अन्न दिल्यानें आयुष्य वाढत नाहीं, उलट जंतुदोष अधिक होतात, असें ठरून १९८९ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या महाविद्यालयानें ही सरसकट प्रथा थांबविण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रियेपूर्वीं फार खंगलेल्यांनाच तिचा लाभ होतो, हें १९९१ सालच्या मोठ्या चांचणींत दिसून आलें. तेव्हांपासून नियम ठरला तो साधा आहे. आंतडें चालत असेल तर आंतड्याचाच उपयोग करावा. तोंड चालत असेल तर तोंडाचा. शीर ही शेवटची वाट.

तरीहि एक कोडें उरलेंच होतें. उपाशी ठेविलेला निरोगी मनुष्य पोटभर खाऊं लागला कीं भरून येतो. कर्करोगी मात्र कधीं कधीं खाऊनहि भरत नाहीं. १९८५ सालीं अमेरिकेंतील ब्रूस बॉइटलर, अँथनी सेरामी व त्यांचे सहकारी यांनीं शरीरांतच निर्माण होणाऱ्या एका द्रव्याचा छडा लाविला. खंगविणारें म्हणून निराळें समजलें गेलेलें हें द्रव्य आणि गांठ मारणारें म्हणून ठाऊक असलेलें द्रव्य हीं एकच निघालीं. सारांश, रोगाशीं लढतांना शरीर जो दाह पेटवितें, त्यांतच त्याचे स्नायू जळतात व भूकहि मरते. म्हणून रोगी खात नाहीं हा त्याचा हट्ट नव्हे. तो रोगाचाच एक भाग आहे. त्याला रागावून, शपथा घालून घांस उतरत नाहीं. आज डॉक्टर भूक वाढविण्यासाठीं औषधेंहि देतात. पुदुच्चेरी येथील जिपमेर संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत ओलॅन्झापिन या औषधाची अडीच मिलिग्रॅम इतकी अल्प मात्रा रोज बारा आठवडे दिली असतां शेंकडा ६० रोग्यांचें वजन शेंकडा पांचाहून अधिक वाढलें. नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ९ होतें. औषध अर्थातच डॉक्टरांच्या हातचें. परंतु भूक न लागणें ही सांगण्याजोगी तक्रार आहे, एवढें तरी घरच्यांनीं यावरून ओळखावें.

येथें एका फार पसरलेल्या भ्रमाचा समाचार घेणें अवश्य आहे. जर्मनीचे ओटो वॉरबुर्ग, ज्यांना १९३१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं कर्करोगाच्या पेशी साखर फार वापरतात असें दाखविलें होतें. यावरून लोकांनीं अनुमान काढलें कीं रोग्याचें खाणें तोडलें म्हणजे गांठ उपाशी मरेल. हें अनुमान चुकीचें आहे. अन्न बंद केलें तरी रक्तांतील साखर संपत नाहीं. यकृत स्नायूंचें मांस वितळवून ती तयार करितें. म्हणजे गांठीला तिचा वांटा मिळतच राहतो, आणि उपाशी राहतो तो केवळ रोगी. शेतांतलें तण मरावें म्हणून पिकाचेंहि पाणी तोडणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग आजाऱ्याच्या बाबतींत तसें कां वागावें?

आतां प्रत्यक्ष प्रमाणें पाहूं. सहा महिन्यांत वजन शेंकडा पांचाहून अधिक घटलें तर तें धोक्याचें लक्षण, असें २०११ सालीं निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनीं ठरविलें. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या बाबतींत हें म्हणजे अवघे अडीच किलो. ज्याचें वजन मुळांत बेचाळीस किलो आहे त्याला तर दोन किलोहि जड जातात. उपचारकाळांत रोज दर किलो वजनामागें २५ ते ३० कॅलरी उष्मा आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिन मिळावें, असा युरोपांतील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचा दंडक आहे. पन्नास किलोच्या माणसास हें प्रमाण साडेबाराशें ते पंधराशें कॅलरी आणि पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम प्रथिन इतकें होतें. हे आंकडे ऐकून परदेशी डबे विकत आणावे लागतील असें कोणास वाटेल. परंतु नवापूर तालुक्याच्या कोठारांतच त्यांचा पुष्कळसा भाग आहे. नवापूरच्या तुरीच्या डाळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या शंभर ग्रॅम डाळींत सुमारें बावीस ग्रॅम प्रथिन असतें. एका अंड्यांत सहा, पाव लिटर दुधांत आठ, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम. नागलीच्या शंभर ग्रॅम पिठांत तीनशें मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम असतें. नदीनाल्यांतले मासे, घरची कोंबडी, अंबाडी-शेवग्याचा पाला हेंहि हातचें अन्न आहे. मोठा चमचाभर तेल वा तूप पेजेंत घातलें तर वाटीचा आकार न वाढतां तिच्यांतील उष्मा शंभराहून अधिक कॅलरींनीं वाढतो. थोड्या घांसांत अधिक बळ, हेंच या काळच्या स्वयंपाकाचें सूत्र होय.

गरिबाच्या अन्नांतील गुण शास्त्राच्या कसोटीला लावून पाहण्याचें काम आपल्याकडे एका मराठी विदुषीनें केलें, तिचें स्मरण येथें उचित होईल. १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांनीं कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेंत व नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेंत काम केलें. डाळी, भाताचें पीठ व नीरा यांचे त्यांनीं पृथक्करण केलें, आणि नीरेच्या कामासाठीं त्यांना राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. आदिवासी मुलांस व गर्भवतींस स्वस्तांत पोषण कसें मिळेल, हा त्या संशोधनाचा हेतु होता. शाहाणपण महाग अन्नांत नसून योग्य अन्नाच्या निवडींत आहे, हा त्यांच्या कार्याचा बोध कर्करोग्याच्या घरासहि लागू पडतो.

उपचारांच्या काळांत अडचणी येतात त्या ठराविक असतात आणि त्यांवरील तोडगेहि साधे असतात. किरणोपचारानें तोंड सोलवटतें व लाळ सुकते. अशा वेळीं नंदुरबारच्या प्रसिद्ध मिरचीस कांहीं महिने रजा द्यावी, भाकरी दुधांत किंवा डाळींत कुसकरून मऊ करावी, अन्न कोमट द्यावें, घोटघोट पाणी जवळ ठेवावें. औषधांनीं मळमळतें, तेव्हां दोन मोठ्या जेवणांऐवजीं दिवसांतून सहा वेळां वाटी वाटी द्यावी, आणि सकाळीं भूक बरी असेल तर मुख्य अन्न सकाळींच द्यावें. चव पालटते, काल आवडलेलें आज नकोसें होतें, म्हणून एकाच पदार्थाचा आग्रह धरूं नये. रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरतात त्या दिवसांत शिळें, उघड्यावरचें व कच्चें टाळावें. पाणी उकळून, हात धुवून, अन्न ताजें शिजवून द्यावें. एवढी स्वच्छता पाळली कीं बाकीचीं कडक बंधनें घालण्याचें कारण नाहीं, असेंच अलीकडील अभ्यास सांगतात. नळीनें अन्न द्यावयाचें असेल तर गाळलेली पेज, डाळ, दूध, शिजविलेलें अंडें, थोडें तेल यांचें मिश्रण आहारतज्ज्ञानें सांगितलेल्या मापानें द्यावें, आणि देतांना रोग्यास बसतें ठेवावें. नळी लागली म्हणजे शेवट जवळ आला, असें समजून ती ओढून काढणारीं घरें पुष्कळ आहेत. वस्तुतः ती नळी म्हणजे दुखऱ्या तोंडाला दिलेली विश्रांति होय. तोंड बरें झालें कीं ती निघते.

तथापि खरी कसोटी लागते ती स्वयंपाकघरांत नव्हे, तर शहराच्या पदपथावर. तोंडाच्या कर्करोगास किरणोपचार आठवड्यांतून पांच दिवस, असे सहासात आठवडे घ्यावे लागतात. खाट मिळते ती थोड्यांस. बाकीचे रोज बाहेरून येतात. मध्येंच खंड पडला तर उपचाराचा गुण कमी होतो. आतां ज्याची मजुरी बुडाली आहे, ज्याच्या सोबतीस आलेल्या बायकोची किंवा भावाचीहि मजुरी बुडाली आहे, त्यानें मुंबईंत सात आठवडे राहावें कोठें आणि शिजवावें कशावर? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखालीं उपचारांचा मोठा भार सरकार उचलतें, आगगाडीच्या भाड्यांत सवलत मिळते. पण चूल कोण पेटविणार? उपचार अर्धवट टाकून गांवीं परतणाऱ्यांच्या हकीकतींत औषधाला भिऊन पळालेले असतात, तसेच भुकेला भिऊन परतलेलेहि असतात.

या प्रश्नास समाजानें जें उत्तर दिलें तोहि वैद्यकाच्या इतिहासाचा भाग मानला पाहिजे. भुकेलेल्यास अन्न व निराश्रितास आसरा हा धर्म गाडगे महाराजांनीं महाराष्ट्रास शिकविला. १९५६ सालीं ते निवर्तल्यानंतरहि त्यांच्या नांवाची दादरची धर्मशाळा बाहेरगांवच्या कर्करोग्यांना थारा देत आली आहे. १९६८ सालीं स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृति समितीनें परळ येथें रुग्णांच्या निवासाची सोय केली. हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत संस्थेनें टाटा रुग्णालयाच्या भोंवतालीं राहणाऱ्या रोग्यांना व त्यांच्या माणसांना जेवण देण्याचें व्रत चालविलें. २००६ सालीं सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेचीं घरें लहान मुलांना आईबापांसह राहावयास व स्वतः शिजवावयास जागा देतात. कडल्स फाउंडेशन ही संस्था तर कर्करोगी मुलांच्या पोषणासाठींच आहे. आहारतज्ज्ञ नेमून मुलाचें वजन मोजणें, त्याला पूरक अन्न व घरीं शिधा देणें, असें तिचें काम चालतें. यंत्रें खरेदी करणाऱ्या दात्याचें नांव संगमरवरावर कोरलें जातें. दुपारच्या पंक्तीस वाढणाऱ्याचें कोरलें जात नाहीं. पण त्या यंत्राखालीं पस्तिसाव्या दिवशीं रोगी येऊन निजतो, तो या वाढणाऱ्याच्या जोरावर!

मुंबईंतील हें अन्नदान कितीहि मोठें असलें तरी तें मधल्या वाटेवरचें आहे. आरंभ आणि शेवट गांवींच होतो. तोंडांतला चट्टा दोनतीन आठवड्यांत बरा न झाल्यास त्याच आठवड्यांत दवाखाना गांठणें, म्हणजे घांस अडण्यापूर्वींच रोग सांपडेल, हा पहिला उपाय होय. तंबाखू व गुटखा सोडणें हा त्याहूनहि आधींचा. निदान झालें त्या दिवशीं वजन लिहून ठेवावें आणि पुढें दर आठवड्यास त्याच कांट्यावर तें मोजावें. गांवच्या दुकानांतला धान्याचा कांटाहि यास पुरतो. मुंबईस जातांना उपचाराच्या कागदांबरोबर तो वजनाचा कागद न्यावा आणि डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांत ‘काय खावें’ हा प्रश्न पहिला ठेवावा. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. त्यांची भेट मागून घ्यावी, कारण न मागणारा रांगेंत मागें पडतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आंतड्याचा अडथळा असेल तर वरील सर्वसाधारण नियमांत बदल करावे लागतात, आणि ते त्यांनींच सांगावयाचे असतात. परतल्यावर नागलीची पेज, तुरीचें घट्ट वरण आणि अंडें यांस रोग्याच्या ताटांत पुनः जागा द्यावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं भेटीस येतांना ‘अमुक खाऊं नको’ असा उपदेश आणण्याऐवजीं वाटीभर दूध आणावें.

कर्करोगावर शस्त्र, किरण आणि रसायन हीं तीन आयुधें मनुष्यानें गेल्या शेंसव्वाशें वर्षांत मोठ्या कष्टानें मिळविलीं आहेत. तीं तिन्ही चालविणारा हात डॉक्टरचा असतो. पण ज्या शरीरावर तीं चालतात तें उभें ठेवण्याचें काम घराचें आहे. हें चौथें आयुध कोणत्याहि रुग्णालयानें अजून आपलें म्हणून मिरविलें नाहीं, कारण तें चुलीवर तयार होतें आणि तें देणाऱ्या बाईला आपण औषध देत आहों याची पुष्कळदां कल्पनाहि नसते. ती कल्पना तिला देणें, आणि तिच्या हातीं शिजवावयास पुरेसें धान्य राहील अशी तजवीज करणें, हीं दोन्ही कामें अद्यापि व्हावयाचीं आहेत.